'सिद्धार्थ' विशीत वाचावी की पन्नाशीत?

तलावपाळीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जर्मन लेखक हर्मन हेसेची 'सिद्धार्थ' ही कादंबरी पुन्हा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली होती, हिल्डा रोझनर यांचा १९५१ चा इंग्रजी अनुवाद. तेव्हा आपणही एक दिवस सगळं टाकून निघून जायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. गेलो तुर्भ्याला, नोकरीला. असो. या वेळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत वाचली. पुस्तक लहानसं आहे, सगळी मिळून बारा प्रकरणं. ठाण्याला खिडकी मिळाली की तुर्भ्यापर्यंत एक प्रकरण आरामात होतं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि सध्या त्यांना 'ब्रेक' हवाय. कशासाठी, तर स्वतःला ओळखायला. हिमाचलात कुठेतरी राहायचं, एखाद्या होस्टेलात काम करायचं, पुढचं पुढे बघू. घरात जे व्हायचं ते झालं. म्हटलं, आवाज चढवण्यापेक्षा हे पुस्तक हातात द्यावं. द्यायच्या आधी स्वतः वाचायला घेतलं आणि आता द्यावं की नाही या पेचात आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो (कथानक आधी कळलेलं चालत नसेल त्यांनी इथे थांबावं). सिद्धार्थ हा ब्राह्मणाचा हुशार मुलगा. मित्र गोविंदाला घेऊन घर सोडतो, श्रमणांबरोबर रानात राहतो, उपास करतो, श्वास रोखायला शिकतो. मग दोघं गौतम बुद्धांना भेटतात. गोविंद संघात राहतो, सिद्धार्थ निघून जातो, कारण बुद्धांना जे उमगलं ते शिकवणुकीतून दुसऱ्याला देता येत नाही असं त्याला वाटतं. नगरात कमला नावाची गणिका भेटते, कामस्वामी नावाचा सावकार भेटतो. पैसा, दारू, जुगार. त्याचाही वीट येतो, नदीत जीव द्यायला जातो, देत नाही, आणि वासुदेव नावाच्या नावाड्याबरोबर तिथेच राहतो. उरलेलं आयुष्य नदीकाठी.

विशीत मला पहिल्या भागाने झपाटलं होतं. त्यातला एक प्रसंग तर पाठ होता. श्रमण व्हायची परवानगी बाप देत नाही. मुलगा हाताची घडी घालून आहे तिथेच उभा राहतो. बाप झोपायला जातो, झोप लागत नाही, तासाने उठून खिडकीतून बघतो, मुलगा उभाच. पुन्हा तासाने बघतो, पुन्हा उभाच. चंद्र उगवतो, तारे सरकतात, पहाटेला मुलाचे गुडघे थरथरतात पण चेहरा हलत नाही. बापाला कळतं की हा मनाने केव्हाच गेलाय. तेव्हा मी त्या मुलाच्या बाजूने उभा होतो. या वेळी कोपरखैरणे गेलं तरी मी त्या बापाबरोबर खिडकीपाशीच होतो.

आणि दुसऱ्या भागात 'पुत्र' नावाचं प्रकरण आहे, जे विशीत मी भराभर पानं उलटून संपवलं असणार, कारण त्यातलं काहीही आठवत नव्हतं. कमला साप चावून मरते आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा (म्हणजे सिद्धार्थाचाच) त्याच्याकडे येतो. लाडावलेला, मऊ गादीवर झोपणारा. झोपडीत रमत नाही. सिद्धार्थ ओरडत नाही, मारत नाही, वाट बघतो, प्रेम करतो. मुलाला नेमका त्याच चांगुलपणाचा राग येतो! शेवटी नावाड्यांचे पैसे आणि होडी घेऊन पळून जातो. सिद्धार्थ वेड्यासारखा मागे धावतो. पुढे कधीतरी पाण्यात स्वतःचा चेहरा बघतो तर तो त्याच्या बापाचा दिसतो. तोच बाप, जो रात्रभर खिडकीपाशी येत होता आणि ज्याला हा पुन्हा भेटायलाही गेला नाही.

माझं मत असं, की सगळं पुस्तक या प्रकरणासाठी लिहिलंय, आणि विशीतल्या वाचकाला हे प्रकरण दिसतच नाही. मग द्यावं का? तुम्ही कधी वाचलीत, काय वाटलं?

---

नापास

काका, मी वाचली नाही अजून, पण हे बुद्धाचं चरित्र नाही का? सिद्धार्थ म्हणजे तोच ना?

---

स्लो लोकल

वाखूसा (वाचनखूण साठवली). खूप जुनी आठवण जागी केलीत. रात्री सविस्तर लिहितो.

---

निळी शाई

नापास, नाही. घोळ होणं साहजिक आहे, कारण बुद्धांचंच पूर्वीचं नाव हेसेने आपल्या नायकाला दिलंय आणि कादंबरीत बुद्ध वेगळे येतात, गौतम म्हणून. तिसऱ्या प्रकरणात श्रावस्तीच्या जेतवनात दोघांची भेट आहे. जेतवन खरंखुरं ठिकाण आहे, अनाथपिंडिक नावाच्या व्यापाऱ्याने संघाला दिलेलं, आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत म्हणतात तिथे.

मी ही कादंबरी थोडी कुरकुरतच वाचली. आमच्या घरी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतच आम्ही मोठे झालो. त्यात गृहत्यागाची गोष्ट वेगळी आहे. म्हातारा, रोगी, प्रेत बघून वैराग्य आलं ही कथा बाबासाहेबांनी बाजूला ठेवली. सिद्धार्थ गौतमांनी घर सोडलं ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटलं म्हणून. शाक्यांच्या संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरोधात गेलं, आणि परिव्रज्या पत्करली. घरच्यांना सांगून, यशोधरेशी बोलून.

म्हणजे दोन्हीकडे नदी आहे. हेसेच्या नदीत हजार आवाज आहेत आणि ते मिळून ओम होतो. रोहिणीच्या पाण्यात शेतं आहेत, वाटे आहेत, कोणाचा बांध आधी भिजायचा याचं भांडण आहे. मला दुसरी नदी जास्त ओळखीची वाटते.

आणखी एक. सिद्धार्थ बुद्धांना नाकारून स्वतःच्या वाटेने जातो यात फार मोठं बंड आहे असं लोक समजतात. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांचंच सांगणं आहे, अत्तदीपा विहरथ, स्वतःच स्वतःचा दीप व्हा. त्यामुळे जेतवनातून निघून जाणारा सिद्धार्थ बुद्धांचंच ऐकत होता, त्याला ते ठाऊक नव्हतं इतकंच.

तलावपाळीकर, पुस्तक द्या की. न देण्याएवढं त्यात काय आहे?

---

पोळपाट

आता माझं ऐका.

ही कादंबरी मला वाचनकट्ट्यावर वाचावी लागली. नेरुळला आम्ही दहाबारा जणी जमतो, कुणाच्या तरी घरी. बहुतेकींना आवडली. मला भाषा आवडली, माणूस नाही. सगळ्या पुस्तकात स्वयंपाक कोण करतं? रानात भिक्षा, नगरात नोकरचाकर, नदीकाठी वासुदेव. स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाची भाजी नेहमी दुसरं कुणीतरी चिरत असतं.

आईचं तर विचारूच नका. बाप रात्रभर जागतो, पानभर त्याची तगमग आहे. आईसाठी काय? जायच्या आधी तिला सांगून ये, एवढंच. ती रात्री झोपली होती का, तिला कुणी विचारलं होतं का? आणि कमला! तिने याला सगळं शिकवलं, हा न सांगता उठून गेला, त्याचं मूल तिने एकटीने वाढवलं, शेवटी बुद्धांच्या दर्शनाला पायी निघालेली असताना वाटेत मेली. मला विचाराल तर आत्मशोधाचा प्रवास तिने जास्त केला. तिचा प्रवास दुसऱ्याच्या कादंबरीत बसवलाय, म्हणून दिसत नाही.

हेसेबद्दल शोधलं तर आणखी डोकं फिरलं. १९१९ मध्ये या गृहस्थांचा संसार मोडला. बायको मानसिक आजाराने खचलेली, तीन मुलगे दुसऱ्यांच्या घरी ठेवलेले, आणि हे एकटे स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला मोंतान्योला गावात जाऊन राहिले. तिथे 'सिद्धार्थ' लिहिली. म्हणजे 'पुत्र' हे प्रकरण लिहिणाऱ्याची स्वतःची तीन मुलं दुसरीकडे वाढत होती.

पुस्तक द्यायचंच असेल तर मुलाच्या आईला द्या आधी. ती सांगेल.

---

तलावपाळीकर

पोळपाटताई, मुलाच्या आईने तुमचा प्रतिसाद वाचला आणि मला चहा करायला लावला. :)

पण हेसेच्या बाबतीत आणखी एक टोक आहे, ते जोडलं की चित्र बदलतं. वडील धर्मोपदेशक, घराण्यात मिशनरी काम. मुलानेही तेच करावं म्हणून माउलब्रोनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, घातलं. १८९२ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो तिथून पळून गेला. पुढे शाळा बदलल्या, डॉक्टर झाले, घरात प्रचंड ताणातणी. म्हणजे हाताची घडी घालून उभा राहिलेला मुलगा तोच आणि मुलगे दूर ठेवून बसलेला बापही तोच. कादंबरी १९१९ च्या अखेरीस सुरू केली आणि मध्येच अडली. १९२१ मध्ये मानसतज्ज्ञ कार्ल युंगकडे मनोविश्लेषणाला जाऊन आला. १९२२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झालं. अडली ती नदीकाठच्या भागाशी येऊन, हे मला फार बोलकं वाटतं. निघून जाणं लिहिता आलं होतं. थांबणं लिहिताना हात अडला.

तो चांगला बाप होता असं मी म्हणत नाहीये. पण त्या प्रकरणात त्याने स्वतःला सोडलेलं नाही एवढं नक्की.

---

स्लो लोकल

आलो. महापेच्या एमआयडीसीत आयुष्य गेलं त्यामुळे माझं आवडतं पात्र वेगळं आहे, पण त्यावर नंतर.

आधी कामस्वामीची बाजू घेतो, कारण बिचाऱ्याची कुणीच घेत नाही. सिद्धार्थ त्याच्याकडे नोकरीला जातो तेव्हाची मुलाखत वाचा. तुला काय येतं? विचार करता येतो, थांबता येतं, उपास करता येतो. उपासाचा काय उपयोग? तर म्हणे, उपाशी राहता येणाऱ्याला मिळेल ते काम पकडावं लागत नाही, तो वाट बघू शकतो. हे वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. हप्ते चालू असलेल्या माणसाला हे उत्तर देता येत नाही, म्हणून तर आमच्या मुलाखती तशा होतात.

पुढे हा तांदूळ घ्यायला एका गावी जातो, माल आधीच विकला गेलेला असतो, आणि तरी तिथे चार दिवस राहतो, पोरांना पैसे वाटतो, शेतकऱ्यांशी गप्पा मारतो. कामस्वामी चिडतो. चिडणारच! प्रवासभत्ता कोण देतंय? पण बारकाईने बघा, हळूहळू उलटं होत जातं. वर्षांमागून वर्षं जातात आणि पैशाकडे हसून बघणारा हा माणूस फासे टाकताना हात थरथरणारा जुगारी होतो, कर्ज बुडवणाऱ्यावर खेकसायला लागतो. कुठल्या दिवशी बदलला ते लेखक सांगत नाही. हे मला सगळ्यात खरं वाटलं. आमच्याकडे नोकरीला लागलेली पोरं 'दोन वर्षं करतो मग माझं काहीतरी' म्हणत यायची. त्यातली काही आता रिटायरमेंटची तारीख मोजतायत.

बाकी जर्मन माणसाने आपल्याकडचं इतकं कसं लिहिलं याचं आश्चर्य वाटत राहिलं.

---

तलावपाळीकर

आश्चर्य कमी होईल असं सांगतो. हेसेचे आईकडचे आजोबा हर्मन गुंडर्ट, केरळात थलासरीला मिशनरी होते. मल्याळमचं व्याकरण आणि १८७२ चा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश त्यांचा, अजून तिकडे मानाने नाव घेतात. हेसेची आई तिथेच जन्मलेली, १८४२ मध्ये. वडीलही काही काळ मंगळुरात होते. त्यामुळे घरात इकडच्या पोथ्या, मूर्ती, माणसं. गंमत म्हणजे तो स्वतः १९११ मध्ये जहाजाने पूर्वेकडे आला, श्रीलंका, सिंगापूर, सुमात्रा केलं आणि भारतात न फिरताच परतला. कादंबरीतला भारत त्याच्या आजोबांच्या दिवाणखान्यातला आहे.

---

परिक्रमावासी

उत्तम धागा. माझी नोंद जरा आडवळणाने.

मी नर्मदा परिक्रमेचा काही भाग चाललो आहे. त्याच ओढीने गोनीदांची (गो. नी. दांडेकर) 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि 'सिद्धार्थ' पाठोपाठ वाचल्या. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे घर सोडलेला तरुण. पण परिक्रमेचा पहिला नियम असा की नदी ओलांडायची नाही. मैय्या सतत उजव्या हाताला ठेवायची. एका तटावरून दुसऱ्या तटावर जायचं तर उगमाला अमरकंटकला वळसा घालून, नाहीतर पार समुद्रापर्यंत जाऊन तिथे होडीत बसून. समोरच्या काठावरचं गाव दिसतंय, तिथली घंटा ऐकू येतेय, पण तिथे पोचायला महिने लागतात. पारंपरिक परिक्रमा तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची.

वासुदेव याच्या बरोबर उलट आहे. तो दिवसभर ओलांडतच असतो, पण स्वतः कुठेच जात नाही. उतारू बदलतात, हा तोच काठ, तोच दुसरा काठ.

परिक्रमेत एक मात्र शिकलो. सदावर्तात जेवण मिळतं, आसन मिळतं, कुणी नाव विचारत नाही. पहिले काही दिवस वाटतं आपण काहीतरी मोठं करतोय. मग फोड येतात. मग फक्त फोडांचाच विचार. हेसेच्या श्रमणांना फोड येत नाहीत ही माझी तक्रार आहे.

तलावपाळीकर, मुलाला जाऊ द्या हो. परत येतात. फोड घेऊन येतात.

---

पोळपाट

परिक्रमावासी, सदावर्तात पोळ्या कोण लाटतं ते पण लिहा ना.

---

परिक्रमावासी

ताई, निरुत्तर. बहुतेक ठिकाणी गावातल्या बायाच.

---

निवटी

मी ऐरोलीजवळच्या दिवा गावचा, ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. नावाड्याबद्दल इतकं चाललंय म्हणून लिहितोय. पुस्तक मराठीत वाचलं, बहिणीने दिलं.

ऐरोलीचा पूल नव्हता तेव्हा आमचा आजा होडीने माणसं पलीकडे सोडायचा, मुलुंडच्या बाजूला. त्यामुळे वासुदेव आला तेव्हा मी टवकारून बसलो. आता सांगतो काय पटलं आणि काय नाही.

नदीचं पाणी एका दिशेने जातं. खाडीचं तसं नाही. सहा तास आत, सहा तास बाहेर, आणि वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. ओहोटीला होडी काठापर्यंत येतच नाही, मधे नुसता चिखल. उतारूने चपला हातात घ्यायच्या, धोतर वर खोचायचं आणि मांडीपर्यंत रुतत यायचं. कुणी फार घाईत असला की आजा सांगायचा, पाणी चढल्यावर ये. तो नदीचं काही ऐकत बसला नव्हता, पंचांग बघायचा. आणि गप्प तर बिलकुल नसायचा! होडीत बसलेल्या माणसाला तोंड बंद ठेवून पलीकडे नेणारा नावाडी मी तरी बघितला नाही. कुणाच्या पोरीचं कुठे जमतंय ते काठाला लागेपर्यंत त्याला माहीत.

पण एक गोष्ट हेसेने अचूक लिहिलीय. वासुदेव सांगतो की हजारो माणसं पलीकडे सोडली, त्या सगळ्यांना नदी म्हणजे वाटेतली अडचण. कुणी पैशाला चाललाय, कुणी लग्नाला, कुणी यात्रेला, मधे हे पाणी कशाला आलं? थांबून बघणारे चारपाचच. आजही पुलावर संध्याकाळी बघा. खाली तिवरं, चिखलात निवट्या मासे उड्या मारतायत, आणि वर सगळे हॉर्न वाजवतायत. पूर्वी लोक नाकाला रुमाल लावून खाडी पार करायचे. २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आली, आता कॅमेरे घेऊन येतात. बरं वाटतं. पण होडी चालवणाऱ्याला अजून पोटाचाच प्रश्न आहे, कोळंबी पूर्वीइतकी लागत नाही. वासुदेवाचं भातशेत आणि केळी लेखक एका ओळीत उरकतो, पोट कसं भरायचं हे नीट लिहिलं असतं तर आमच्या घरात पुस्तक जास्त वाचलं गेलं असतं.

---

तलावपाळीकर

निवटी, या प्रतिसादासाठी धागा काढला असं समजा. पंचांग वाचून मोठ्याने हसलो, डब्यातले लोक बघायला लागले.

---

नापास

वाचली. दोन बैठकीत संपवली, खारघरला लाइट नव्हती तेव्हा अर्धी.

मी बावीस वर्षांचा आहे म्हणून माझं मत द्यायलाच पाहिजे असं वाटलं. काका, तुम्ही म्हणता तरुण वाचकाला 'पुत्र' दिसत नाही. मला तर तेच प्रकरण सगळ्यात जास्त दिसलं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्या अकरा वर्षांच्या पोराचं काय चुकलं सांगा. आई डोळ्यांसमोर गेली. अनोळखी दोन म्हातारे, एक झोपडी, दिवसभर नदी ऐका. आणि बाप एवढा चांगला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. माझे बाबा ओरडतात ते परवडलं, निदान समोरून ओरडतात. तो पळून गेला ते बरं झालं. सगळ्या पुस्तकात तोच एकटा मला नॉर्मल वाटला.

आणि सिद्धार्थ पाण्यात स्वतःच्या बापाचा चेहरा बघतो तेव्हाही विचार स्वतःचाच करतोय ना? मी माझ्या बापाला दुखावलं, आता मला दुखावलं गेलं, फेरा पूर्ण. पोरगा पुढे कुठे गेला, जेवला का, याचं काय झालं हे पुस्तकात कुठेच येत नाही. तुम्हा सगळ्यांना हे प्रकरण बापाचं वाटतं याचं मला नवल वाटलं.

पहिला भाग आवडला. कामस्वामीचा भाग मधे मधे सोडला.

---

पोळपाट

नापास, तुझं नाव बदल बाबा. पास आहेस.

---

तलावपाळीकर

नापासचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. चिरंजीव मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." पुस्तक टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलंय, दिलेलं नाही आणि लपवलेलंही नाही. हिमाचलचा विषय परीक्षेनंतर काढायचा असं दोन्ही पक्षांत ठरलंय.

'पुत्र' त्या मुलाच्या बाजूने वाचायचं मला सुचलं नव्हतं. पुन्हा वाचतो.

---

संपादक

चित्रपटावरचे प्रतिसाद इथे वाढत होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत (१९७२ चा, शशी कपूर आणि सिमी गरेवाल यांचा). कृपया इथे पुस्तकाबद्दलच लिहावे.

---

निळी शाई

शेवटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. म्हातारा सिद्धार्थ एक दगड हातात घेतो आणि गोविंदाला सांगतो की हा दगड उद्या माती होईल, मग झाड, प्राणी, माणूस. पण मी याच्यावर प्रेम करतो ते पुढे काय होईल म्हणून नव्हे, आत्ताच तो सगळं काही आहे म्हणून. वाचायला सुंदर आहे. पण हे बौद्ध विचार म्हणून कुणी सांगितलं तर मी हात वर करणार. आधी ओम, मग सगळं एकच आहे. बुद्धांचा अनात्मवाद (कायमचा आत्मा नाही हा विचार) यात कुठेच बसत नाही. हे वेदान्ताच्या जवळचं आहे आणि थोडं चीनच्या लाओत्सेकडचं. कादंबरीच्या नावावरून बौद्ध पुस्तकांच्या कप्प्यात ठेवतात ते बदलायला हवं. वाचायला माझी ना नाही.

---

स्लो लोकल

आता माझं आवडतं पात्र. गोविंद.

सगळे सिद्धार्थाबद्दल बोलतात. गोविंद तरुणपणी मित्राच्या मागे गेला, मग बुद्धांच्या मागे गेला, आयुष्यभर काषाय वस्त्र, भिक्षापात्र, वर्षावास, नियम. रोज तेच. नदीकाठी झोपलेल्या श्रीमंत माणसाला जनावरं खातील म्हणून राखण करत बसतो, तो आपलाच मित्र आहे हे न ओळखता. म्हातारपणी पुन्हा भेटतो आणि कबूल करतो की अजून शोधतोच आहे. त्यावर सिद्धार्थ काय ऐकवतो? तू फार शोधतोस म्हणून तुला सापडत नाही. ऐकून माझं डोकंच सणकलं. स्वतः सगळं भोगून, उधळून, पळून, नदीकाठी बसून मोकळा झालेला माणूस, आयुष्यभर एका जागी नेमाने राहिलेल्याला हे ऐकवणार?

माझ्यासारखे गोविंद ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर रोज सकाळी उभे असतात. आम्ही कुणाच्या तरी मागे गेलो आणि राहिलो. आमच्यावर कादंबरी कोण लिहिणार?

---

निळी शाई

दादा, हेसेने निदान एक प्रकरण लिहिलंय. शेवटच्या प्रकरणाचं नावच 'गोविंद' आहे. सिद्धार्थाच्या चेहऱ्यात हजारो चेहरे वाहताना दिसतात ते दिसतात कुणाला? गोविंदालाच. पुस्तकाचं शेवटचं वाक्यही त्याच्याच नमस्काराचं आहे.

आणि तो नुसता मागे गेला हेही खरं नाही. जेतवनात प्रवचन ऐकल्यावर संघात जायचं आधी त्याने ठरवलं, सिद्धार्थाला न विचारता. सिद्धार्थ चकित होऊन म्हणतो की याने स्वतःहून कधी पाऊल टाकलं नव्हतं, आज टाकलं. सिद्धार्थ बुद्धांना सोडून जातो ते त्यानंतर. तिसरं प्रकरण आहे, उद्या गाडीत पुन्हा काढा.

---

स्लो लोकल

काढतो. प्रत कार्यालयात आहे, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवर. सोमवारी लिहितो.